सवतीचा टाक

उज्वलानं घडी करून पिशवीत ठेवलेलं कोरं धोतर वत्सलाबाईंनी पुन्हा बाहेर काढलं, झटकलं आणि मांडीवर घेऊन बसल्या.

"अहो बाई, परत काय काढलं? चार वाजता निघायचंय त्यांना," सून म्हणाली.

"कड बघते. हल्ली कोरं म्हणून फाटकंही देतात."

उज्वला तीळ, दर्भ, तांब्या असं एकेक भरत राहिली. सासूनं सकाळपासून ती पिशवी तीनदा उपसली होती.

वत्सलाबाईंनी तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. निम्म्या ग्रामपंचायतीनं त्यांच्या हातची छडी खाल्लेली. निवृत्त होऊनही गावाला त्या बाईच, आणि घरातही बाईच. कांदा कधी काढायचा, चाळीत कधी भरायचा, डाळिंबाचं पाणी कधी तोडायचं, हे बाई सांगणार आणि मग घर हलणार. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अशा बाईंना आज थोरल्या दिनेशला अडवायला एक वाक्य सुचत नव्हतं.

चार दिवसांपूर्वी तो जेवता जेवता म्हणाला होता, "बाई, त्र्यंबकला जाऊन आईचं करून येतो."

एवढंच. बाईंचा घास हातातच राहिला. डाळिंबावर दोन वर्षं तेल्या रोग पडतोय, कुणीतरी भटजीनं याच्या डोक्यात भरवलं असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

दिनेशची आई झुंबर. तो दोन वर्षांचा असताना ती गिरणेवर धुणं धुवायला गेली ती परत आली नाही. नदीला पूर होता. काठावर धुण्याचा पिळा आणि चपला सापडल्या, अंग काही सापडलं नाही. सासू तोंडानं फटकळ आणि हातानंही, त्यामुळे गावात कुजबूज झाली, पण पुराला काय विचारणार! दर्भाची बाहुली करून तिला अग्नी दिला. दोन वर्षांनी तिच्या नवऱ्यानं, पुंजारामनं, शाळेत नव्या आलेल्या मास्तरीणबाईंशी लग्न लावलं. मांडवातच सासूनं वत्सलाबाईंच्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. झुंबरचा. बारकासा, त्यावर बाईचा कोरलेला मुखवटा.

"नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं," सासूनं बजावलं. "तिचं पोर तुझ्या पदरात हाय. तिला दुखवू नको."

वत्सलाबाई शिकलेल्या, असल्या गोष्टींना हसणाऱ्या. पण पोर लळा लावून गेलं. रात्री त्यांचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. आपला शेखर नंतर झाला, शिकला, शहरात गंगापूर रोडला फ्लॅट घेऊन राहिला, पण जीव अडकला तो दिनेशमध्येच. म्हणून त्या टाकाला हळदकुंकू लावत राहिल्या. मेलेल्या बाईचं देणं लागतो, असं त्यांना खरंच वाटायचं.

आणि मग पंच्याण्णव सालची निवडणूक आली.

ड्यूटी लागली सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर. मतदारांच्या बोटाला शाई लावायचं काम. दुपारी रांग विरळ झाली तेव्हा एक बाई समोर आली. तिनं बोट पुढं केलं आणि नजर बाईंच्या गळ्यावर अडकली.

"तुम्ही कुठल्या, बाई?"

वत्सलाबाईंनी गावाचं नाव सांगितलं.

"हा टाक कुणाचा?"

"सवतीचा. पुरात गेली ती."

ती बाई पुढं झुकली आणि अगदी हळू म्हणाली, "दिनेश बरा हाय ना? मोठा झाला असंल."

दिनेशचं नाव वत्सलाबाईंनी उच्चारलंच नव्हतं. यादीत तर या बाईचं नाव भलतंच होतं, झुंबर नव्हतं.

एक शब्द बोलायचा होता. बरा आहे, सातवीत आहे, वर्गात पहिला येतो. एवढंही पुरलं असतं. पण मनात आलं ते वेगळंच. ही जिवंत, तर मी त्या घरात कोण? आणि उद्या ही दारात आली, तर पोर कुणाचा पदर धरेल? त्यांनी मान खाली घातली, त्या बोटावर शाई ओढली आणि म्हणाल्या, "पुढं चला."

ती पुढं गेली.

त्यानंतर तीस वर्षं वत्सलाबाई जिवंत बाईच्या टाकाला हळदकुंकू वाहत होत्या. भांडी घासताना, फळ्यावर लिहिताना, ते बोट अचानक समोर यायचं. दर दिवाळीला नवी साडी टाकापुढं ठेवताना त्या नजर दुसरीकडं वळवायच्या. नवऱ्याला, म्हणजे पोरांच्या नानांनाही, सांगितलं नाही; ते नऊ वर्षांपूर्वी गेले. झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

पण आता तिच्या पोटचा पोरगा जिवंत आईच्या नावानं पिंड ठेवणार होता. नाही, हे नाही होऊ द्यायचं. मग त्यानं माझं तोंड नाही बघितलं तरी चालेल.

अंगणात गाडी सुरू झाली. दिनेश पिशवी घ्यायला आत आला.

"ते धोतर दे, बाई."

"नाही देणार."

"उशीर होतोय."

"दिनेश, जित्या माणसाचं पिंड घालत नाहीत रे!" बाईंचा आवाज फाटला. "ती जिवंत आहे. मी पाहिलंय तिला, सुरगाण्याकडं. तीस वर्षं तुझ्यापासून लपवलं मी. काय बोलायचं ते बोल मला, पण हे करू नकोस."

उज्वला पदर तोंडाला लावून आत निघून गेली. दिनेश मात्र दचकला नाही. तो बाईंच्या समोर खाली जमिनीवर बसला.

"ती गेली, बाई. अठरा दिवस झाले."

"कोण?"

"आई."

चाळीस वर्षांत वत्सलाबाईंना त्यानं या नावानं हाक मारली नव्हती.

"नाना गेले त्याच्या पुढच्या साली मी मजुरांची टोळी आणायला गेलो होतो तिकडं," तो म्हणाला. "एका आश्रमशाळेत भाकरी थापायची ती. माझं नाव विचारलं, गाव विचारलं अन् मटकन खालीच बसली."

"म्हणजे आठ वर्षं... दर महिन्याला टोळी बघायला म्हणून जायचास तो..."

"तिलाच बघायला जायचो. उज्वलाला ठाऊक हाय."

"मग घरी का नाही आणलीस? मी काय हाकललं असतं?"

"लय विनवलं. ती नाय म्हणायची. म्हणायची, त्या बाईंनी मला ओळखलंय. त्यांनी आपणहून बोलावलं तर येईन, तुझ्या सांगण्यावरून नको. शपथ घातली मला, त्यांच्यापाशी माझं नाव काढशील तर बघ."

बाईंच्या हातातलं धोतर घसरून खाली पडलं. त्यानं ते उचललं, पण पिशवीत घातलं नाही.

"मी वाट बघत होतो, बाई. दर दिवाळीला वाटायचं, आज बोलशील. तुझ्या तोंडावर यायचं सगळं, मला दिसायचं. मग तू उठून चुलीकडं जायचीस."

"मला मारून टाक रे," त्या म्हणाल्या. "असा शांत बसू नकोस."

"राग होता. नाय कसा असंल! पण पोटभर रागवायलाही तूच लागतीस मला." त्यानं त्यांचा गुडघा दाबला आणि उठला. "चल, निघतो. अग्नी तिकडच्या लोकांनी दिला, मी पोचलोच उशिरा. पिंड तरी मी देतो."

"शेवटाला होतास तिच्याजवळ?"

"आदल्या रात्री होतो. सकाळी परतलो अन् मागं गेली."

"काही बोलली?"

दिनेश दारात थांबला.

"सारखं एकच. बाई आल्या का, बाई आल्या का. मग मी सांगितलं, हो, आल्यात." त्यानं डोळे पुसले. "तर मलाच रागावली. म्हणाली, मग दारात काय उभं केलंस त्यांना, चहा ठेव."