लेक आहे, आई नाही

मी एक जुना पांढरा ठिपका आहे, मित्रांनो. आकाशातून पडलेल्या एका काळ्या दगडाच्या पोटात राहतो. आकाराने डाळीच्या दाण्याएवढा, पण तुमच्या पृथ्वीच्या बारशाला जेवलेला! सूर्य तान्हा असताना त्याच्याजवळच्या तापलेल्या वायूतून मी थिजलो.

तेव्हा माझ्यात एका वेगळ्या जातीचे अल्युमिनिअम होते. ते अल्पायुषी. साधारण सात लाख वर्षांत निम्मे सरायचे, मग उरलेल्यातले निम्मे. सरताना ऊब द्यायचे आणि मागे मॅग्नेशियम ठेवून जायचे. ते कुठल्या ताऱ्यातून आले, हे विचारायचे माझे वय नव्हते. विचारावेसे वाटले तोवर ते संपले होते. ती ऊब मला अजून आठवते.

पुढे दगड पृथ्वीवर पडला आणि मी एका प्रयोगशाळेत आलो. तिथे सरून गेलेल्या द्रव्याला आई म्हणत आणि मागे राहिलेल्याला लेक. "लेक आणि साधं अल्युमिनिअम, दोन्ही मोजलं की आई किती होती ते कळतं," संशोधक ताई म्हणायच्या. मी हरखून गेलो. आईबद्दल कुणीतरी विचारत होते!

दगड घासून गुळगुळीत करायचे काम प्रयोगशाळेतल्या काकांचे. त्यांना चकाकीचा भारी सोस. शेवटचा हात म्हणून त्यांनी पांढरी पूड घेतली.

"आरसा केलाय, ताई! तोंड बघून घ्या."

ताईंचा चेहराच उतरला. "काका, पूड कशाची?"

"अल्युमिनाची, म्हणजे अल्युमिनिअमचीच की..." काकांनी जीभ चावली.

"अहो, जे मोजायचं तेच वरून चोळलंत!"

माझ्या भेगाभेगांत परके अल्युमिनिअम भरले होते. आता हिऱ्याच्या पुडीने वरचा थर काढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"जास्त घासलं तर ठिपकाच जाईल," काका म्हणाले.

"मग हळू घासा. मी इथेच उभी आहे."

काका घासत, थांबत, भिंगातून बघत. माझे अर्धे अंग गेले. त्याचे दुःख नाही, पण आईची खूणही जाईल या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता.

अखेर मोजणीच्या यंत्राच्या पडद्याकडे बघत ताई ओरडल्या, "लेक आहे, काका!"

काकांनी डोळे पुसले. "आणि आई कुठली?"

"कुणी म्हणतं फुटलेल्या ताऱ्यातली, कुणी म्हणतं मोठ्या ताऱ्याच्या वाऱ्यातून आली. नक्की कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे माहेर नाहीच सापडलं."

आता मी अर्धामुर्धा एका डबीत असतो. डबीवर काकांनी ठळक लिहिले आहे, 'चकाकी नको'. माझे एवढे उरलेले अंग तरी राहू द्या. उद्या कुणी आईचा माग काढत आले, तर माझ्याजवळ तेवढीच एक खूण आहे.

आणि मित्रांनो, तुमच्या घरची ऊब अजून घरात आहे. आजच तिच्याजवळ बसा आणि विचारा, "आई, तुझं माहेर कसं होतं गं?"