समोरची खोली

फोन आला तेव्हा वायरमन दवाखान्यात स्टुलावर उभा राहून पंखा बसवत होता. दुपारचे अडीच वाजले होते. फोनवर दूधवाला होता. तो सकाळी दुधाची गाडी चालवायचा आणि वेळ पडली की गावाचा बंब. खालच्या गल्लीत आग आहे आणि मी बंब काढतोय, एवढंच त्यानं सांगितलं. घर कुणाचं ते सांगितलं नाही. वायरमननंही विचारलं नाही. गावाच्या अग्निशमन पथकाचा तो प्रमुख होता, आणि पहिल्यांदा काय विचारायचं हे त्याला पाठ होतं. आत कुणी आहे का? कुणी नव्हतं. त्यानं पंखा तसाच लोंबकळत सोडला आणि पळाला.

घर त्याच्या थोरल्या बहिणीचं निघालं.

ताई शाळांचे गणवेश शिवायची. समोरच्या खोलीत चार मशिनी, मागच्या खोलीत कापडाचे तागे आणि इस्त्रीचं टेबल. वीज गेली तेव्हा इस्त्री चालू होती. ती बंद करायची राहिली, ताई बाजारात गेली आणि इकडे वीज आली. वायरमन पोचला तेव्हा मागच्या खोलीचे पत्रे वाकले होते आणि जाळ वर निघाला होता. ताई रस्त्यावर उभी होती. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती.

पथकात सात जण. सगळे आपापला धंदा सांभाळून येणारे. बंबात पाणी आठ मिनिटं पुरेल एवढं. ते संपलं की गावाच्या दुसऱ्या टोकाला विहिरीवर जाऊन भरून आणायचं, त्यात वीस-पंचवीस मिनिटं जायची. शहरातला मोठा बंब यायला पाऊण तास. वारा शेजारच्या दुकानाकडे वाहत होता. त्या दुकानात डिझेलची पाच पिंपं होती, आणि पुढे भिंतीला भिंत लागून अकरा घरं.

वायरमननं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग हात वर करून पाइप धरणाऱ्यांना सांगितलं, "शेजारच्या भिंतीवर मारा."

ते ताईनं ऐकलं. ती पुढे आली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "धाकट्या, समोरची खोली अजून धड आहे."

त्यानंही ते ऐकलं. पण त्यानं मान वळवली नाही.

आठ मिनिटं पाणी शेजारच्या भिंतीवर पडत राहिलं. तेवढ्यात लोकांनी पिंपं गडगडत बाहेर काढली आणि पार मैदानापर्यंत नेली. दूधवाला बंब भरून परत आला तोवर समोरच्या खोलीची दारं-खिडक्या पेटल्या होत्या. शहराचा बंब आला तेव्हा विझवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. पाच वाजता ताईच्या घराच्या चार भिंती उभ्या होत्या, आणि बाकी गल्ली जशीच्या तशी.

ताई राहायला भावाकडेच आली. दुसरीकडे जाणार कुठे? भाऊजी मालट्रकवर लांबच्या फेरीला गेले होते, ते तिसऱ्या दिवशी पोचले. त्यांनी जळलेल्या घरात एक चक्कर मारली आणि बाहेर येऊन हात धुतले. ताई भावाशी बोलत नव्हती. घर दोन खोल्यांचं, जेवायला सगळे एका ओळीत, तरी एक शब्द नाही. वायरमनच्या बायकोचा पार पोस्टमन झाला. "वन्सं विचारतायत, मोरीतला दिवा कधी दुरुस्त होणार," असं ती सांगायची, आणि वन्सं दोन हातांच्या अंतरावर बसून भाकरी मोडत असायच्या. वायरमनही उत्तर बायकोलाच द्यायचा.

चौथ्या दिवशी शहरातून अग्निशमन खात्याचे साहेब चौकशीला आले. त्यांनी भिंती पाहिल्या, फोटो काढले, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही पोचलात तेव्हा घर पूर्ण पेटलेलं होतं ना?"

वायरमन हो म्हणाला.

आठवड्यानं अहवाल आला आणि गावाच्या सभेत वाचला गेला. पथक पोचण्यापूर्वीच घर पूर्णपणे पेटलेलं असल्यानं ते वाचवणं शक्य नव्हतं, पथकानं प्रसंगावधान राखून अकरा घरं वाचवली, असं त्यात होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग जो तो ताईला येऊन तेच सांगू लागला. शेजारचा डिझेलवाला तर हात जोडून म्हणाला की ताई, तुमचं घर देवालाही वाचवता आलं नसतं. ताई प्रत्येकाचं ऐकून घ्यायची आणि मान हलवायची.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी वायरमनची बायको बाहेर गेली होती. ताई कुणाकडून तरी आणलेल्या मशिनीवर बसली होती. मशिनीच्या दिव्याचा प्लग सैल झाला होता, तो बसवायला वायरमन तिच्या पायाशी वाकला. तिनं मशीन थांबवली.

"समोरची खोली वाचली असती का?"

नाही म्हणायला त्याला काहीच अवघड नव्हतं. तसा कागद सही-शिक्क्यानिशी आला होता.

"वाचली असती," तो म्हणाला. "सगळं पाणी तिकडे मारलं असतं तर मशिनी निघाल्या असत्या."

"आणि पिंपं?"

"ती गेली असती. त्यांच्यामागं गल्ली. मला तसं वाटलं. खात्री करत बसायला वेळ नव्हता."

"मग साहेबाला खोटं का सांगितलंस?"

"तुला त्रास नको म्हणून." तो थांबला. मग म्हणाला, "नाही. मला सोपं जावं म्हणून."

ताईनं सुईतून दोरा काढला आणि परत ओवला. "मी रस्त्यावर उभी होते, धाकट्या. खोली धड होती, माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. आणि अख्खा गाव मला सांगतोय की ती आधीच गेली होती. मला भ्रम झालाय की काय असं वाटायला लागलं होतं. इस्त्री माझ्यामुळं राहिली, ते मी सगळ्यांना सांगितलं. आता तुझं तू सांग. तू बरोबर केलंस, ते मला कळतं. पण पाठ थोपटायला मला सांगू नकोस. चार मशिनी होत्या माझ्या."

त्यानं त्याच संध्याकाळी साहेबांना पत्र लिहिलं. पोचल्याची वेळ, समोरच्या खोलीची अवस्था, पाणी किती होतं आणि कुठं वापरलं, सगळं. दूधवाला चिडला. आता लोक म्हणतील वाचवता येत होतं आणि वाचवलं नाही, असं त्याचं म्हणणं. काही दिवस लोक तसं म्हणालेही. भाऊजी तर पुढे दोन-तीन महिने त्याच्याशी कामापुरतंच बोलले, आणि त्यानंही ते अंगावर घेतलं.

साहेब आधी वैतागले, मग पुन्हा आले. या खेपेला त्यांनी विहिरीपर्यंतचं अंतर मोजलं, बंब भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं. नव्या अहवालात त्यांनी लिहिलं की पाणी जवळ असतं तर घर आणि गल्ली दोन्ही वाचवता आली असती. घर वाचणारच नव्हतं असं पहिल्या अहवालात असल्यामुळं करण्यासारखं काही निघतच नव्हतं. आता निघालं. खालच्या गल्लीच्या तोंडाशी जमिनीखाली मोठी टाकी बांधायचं मंजूर झालं. ती बांधून व्हायला वर्ष गेलं. तोवर ताईचंही घर छप्पर चढून राहण्याजोगं झालं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच गल्लीत एका गोठ्याला आग लागली. सकाळचे अकरा वाजले होते. टाकीच्या सगळ्यात जवळ ताई होती. बंब यायच्या आत तिनं आणि डिझेलवाल्यानं मिळून टाकीचं लोखंडी झाकण ओढून बाजूला केलं. पाणी कमी पडलं नाही. गुरं आधीच सोडली होती, अर्धं छप्परही वाचलं.

पाइप गुंडाळून झाल्यावर वायरमन तिच्याजवळ गेला. तिचे तळवे सोलून निघाले होते. ठीक आहेस का, असं त्यानं विचारलं.

"हे झाकण कुठल्या शहाण्यानं करून घेतलं?" ती म्हणाली. "दोन माणसं लागतात उचलायला. दोन तुकड्यांत कर ते, आणि कडी बसव."

त्याच आठवड्यात त्यानं ते करून घेतलं.