उलटे आटे

धाकटी आणि तिच्या दोन्ही जावा, तिघी मिळून चावीला लोंबकळल्या, तरी व्हॉल्व्ह जागचा हलेना.

कंबरभर खोल खड्डा, तळाशी गंजलेला पाइप, पाइपावर व्हॉल्व्हचं चौकोनी डोकं. हातभर लोखंडी चावी त्यावर बसवायची आणि डावीकडे फिरवायची, की त्या आळीचं पाणी सुटतं. असे चार खड्डे चार आळ्यांना होते. तीन आळ्यांत पाणी वेळेवर येत होतं. वरची आळी मात्र आज तिसऱ्या दिवशीही कोरडी होती.

“अगं, जोर लाव की,” काठावरून अध्यक्षबाई म्हणाल्या.

“लावला तेवढा पुरे. आता माझा खांदा सुटेल, व्हॉल्व्ह नाही सुटायचा,” धाकटी खड्ड्यातून म्हणाली.

धाकटीला त्रेचाळिसावं लागलं होतं आणि तिच्या लेकीलाही लेक झाली होती. पण दोन थोरल्या जावा खमक्या असताना ती जन्मभर धाकटीच राहणार, हे ठरलेलं होतं. घरात तिला कुणी काही विचारत नसे, सांगत मात्र सगळे. सोमवारी महिला मंडळाने पाण्याची चावी तिच्या हातात दिली आणि त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं, “उद्या पाणी कितीला गं?” सासऱ्यांनी तिला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती एकटीच हसली होती.

मंडळाने ही चावी काही सुखासुखी मिळवली नव्हती. पूर्वी चारही व्हॉल्व्ह पहाटे एकदमच उघडले जायचे, त्यामुळे नळाला पाणी कधी पहाटे यायचं, कधी भर दुपारी. बायका खुंट्याला बांधल्यासारख्या नळाला बांधलेल्या. शिवणवर्गाला जायचं तर नळाशी कोण थांबणार? थोरल्या पोरीला शाळा बुडवून बसवायचं. अध्यक्षबाई स्वतः शिवणकाम करणाऱ्या, एकदा टाका घातला की उसवू न देणाऱ्या. पाण्याची वेळ ठरवा, एवढ्या एका मागणीसाठी त्यांनी चार वर्षं गावच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवले. शेवटी तीस वर्षं पाणी सोडणारे पाणीकाका गुडघ्यांपायी घरी बसले, तेव्हा कार्यालयातले साहेब म्हणाले, “गुरुवारपर्यंत चालवून दाखवा. नाही जमलं तर चावी काकांच्या पुतण्याकडे.”

पुतण्या दुपारी बारापर्यंत झोपणारा. आणि आज गुरुवार होता. चार वाजता मंडळाची बैठक, आणि बैठकीला साहेब जातीने येणार होते.

वरची आळी तर धाकटीला अक्षरशः पाण्यात पाहत होती. पाणीच नव्हतं, तरीही. हंडे घेऊन खाली उतरणाऱ्या बायका तिच्या दारावरून जाताना मुद्दाम भांडी वाजवत.

हात धुऊन ती थेट पाणीकाकांच्या घरी गेली. काका ओट्यावर दोन्ही गुडघ्यांना फडकी गुंडाळून बसले होते.

“डावीकडेच फिरवताय ना?” त्यांनी विचारलं.

“डावीकडेच.”

“मग बरोबर आहे. चारही डावीकडेच उघडतात. डोळे मिटून सांगेन मी. मनगटात जोर लागतो पोरी, दुसरं काही नाही.”

त्यात खोच नव्हती. काका मनापासून सांगत होते, त्यामुळे ते जास्तच लागलं. काकी चहा घेऊन बाहेर आल्या.

“ते वरचं...” त्या म्हणाल्या.

“तू साखर बघ, कमी पडलीय,” काका म्हणाले, आणि काकी आत गेल्या. धाकटीने चहा तसाच गिळला. आपल्यामुळे चार वर्षांची खटपट पालथ्या घड्यावरचं पाणी होणार, एवढंच तिला दिसत होतं.

बैठक शाळेच्या खोलीत भरली. साहेब एकुलत्या एका खुर्चीत बसले. बायका लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसल्या.

“मी दोष देत नाही,” साहेब म्हणाले. “काही कामं अंगमेहनतीची असतात. चावी आजच द्या, म्हणजे उद्या वरच्या आळीला पाणी मिळेल.”

धाकटीने पिशवीतून चावी काढून बाकावर ठेवली. ठेवताना ती नको तेवढी वाजली.

“थांबा साहेब,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “बैठक संपली नाही. आमची वाक्यं व्हायचीत.”

मंडळाचा तो पहिल्या दिवसापासूनचा रिवाज होता. उठण्याआधी प्रत्येकीने एक वाक्य बोलायचंच. कुणाला सूट नाही. सुरुवातीला बायका पदराआडून बोलत, आता थांबवावं लागे. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पण बसून राहिले.

एकेकीचं वाक्य झालं. कुणी पुतण्याच्या झोपेबद्दल बोललं, कुणी लेकीच्या शाळेबद्दल. धाकटीचा नंबर आला तेव्हा तिने नुसतंच म्हटलं, “मी जोर लावला होता.”

शेवटी दाराजवळ काकी. काकी सहा वर्षं दर गुरुवारी येत, दाराजवळच बसत आणि दर वेळी एकच वाक्य बोलत, “माझं काही नाही.” बायकांना ते इतकं पाठ झालं होतं, की काकींचा नंबर आला की त्या चपला शोधायला लागत. आजही दोघी-तिघी उठल्या.

“माझं आहे,” काकी म्हणाल्या.

उठलेल्या पुन्हा बसल्या.

“वरच्या आळीचा व्हॉल्व्ह उजवीकडे उघडतो. त्याचे आटे उलटे आहेत. तुम्ही तीन दिवस तो आवळताय.”

धाकटीने कपाळावर हात मारला. म्हणजे जितका जोर, तितका घट्ट.

साहेब हसले. “काकू, काकांनी तर सांगितलं, चारही डावीकडे उघडतात. तीस वर्षं पाणी सोडलंय त्यांनी.”

“चोवीस,” काकी म्हणाल्या. एक वाक्य कधीच होऊन गेलं होतं, पण कुणी मोजत नव्हतं. “गुडघे गेल्यावर खड्ड्यात उतरणं त्यांना जमेना. कळलं असतं तर काम गेलं असतं. पहाटे ते वर बॅटरी धरून उभे राहायचे आणि मी उतरायची. वरचा व्हॉल्व्ह तीन वर्षांपूर्वी बदलला. नवा उलटा निघाला. त्यांना काही बोलले नाही मी.”

काकी रोज पहाटे नवऱ्याच्या मागून चहाचा थर्मास घेऊन जातात, किती सेवा करते बाई, असं गावाला वाटायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी मंडळाची गत झाली होती. पाणी सोडणारी बाई मिळेल का म्हणून मंडळाने घरोघर विचारलं होतं, आणि ती दर गुरुवारी दाराजवळ बसून होती.

“मग एवढे दिवस बोलला का नाहीत?” अध्यक्षबाईंचा आवाज उतरला होता.

“मी बोलले, तर त्यांचं काय राहिलं?” काकी म्हणाल्या. “पण हिने चावी ठेवली ना, तो आवाज मला ऐकवला नाही.”

अख्खं मंडळ खड्ड्याकडे निघालं, मागून साहेब. काकी पदर खोचून सराईतासारख्या खाली उतरल्या आणि धाकटीलाही त्यांनी खाली घेतलं. “आता घट्ट बसलाय, दोघींचं काम आहे. हं, उजवीकडे.”

पहिल्या झटक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला व्हॉल्व्ह कुरकुरला. तिसऱ्याला फिरला. पाइपात घरघर झाली, आणि थोड्या वेळाने वरच्या आळीतून भांड्यांचा गलका ऐकू आला. धाकटी भिंतीला टेकून हसत सुटली आणि हसता हसता तिला रडू आलं. तीन दिवसांचं ओझं खांद्यावरून उतरलं होतं, आणि खांदा खराच दुखत होता.

“वेळापत्रकाचा फळा कार्यालयाबाहेर लावा,” साहेब अध्यक्षबाईंना म्हणाले. “म्हणजे लोक मला विचारणार नाहीत.”

हसणं एकाएकी थांबलं. काठी टेकत पाणीकाका आले होते. बातमी त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली, कुणास ठाऊक. बायकांनी वाट दिली. ते काठावर येऊन उभे राहिले. रोज पहाटे राहत तसेच, फक्त आज उजेड होता आणि सगळं गाव बघत होतं.

“उजवीकडे?” त्यांनी विचारलं.

“उजवीकडे,” खालून काकी म्हणाल्या.

“केव्हापासून?”

“नवा बसवल्यापासून.”

काका बराच वेळ पाइपाचा आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, “आणि मी या पोरीला मनगटाचं सांगत बसलो.”

त्यांनी धाकटीच्या जावेच्या खांद्यावर हात ठेवून तोल सावरला, आणि वर यायला आधार म्हणून आपली काठी खाली काकींच्या हातात दिली.