पोवळ्यावर पडलेला भंडारा

"झाकण उघडं टाकू नका हं, समुद्राचं पाणी लई नाजूक," असं मला बनवणारे हौसराव काचवाले संपतला बजावत होते, तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. एवढं माझं रूप, ते झाकून कशाला ठेवायचं? मित्रांनो, तेव्हा मी नवी होते. माझ्या सांध्यांतल्या सिलिकॉनचा आंबट वासही गेला नव्हता. आज मी एक जुनी टाकी आहे, शिक्रापूरच्या एका भाड्याच्या खोलीतली, तीन फूट लांब. आणि माझ्या पोटात समुद्र आहे.

खोटं वाटतं ना? पण संपत सणसवाडीच्या एका कारखान्यात पाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवर कामाला होता. पाण्याचं वेड त्याला तिथेच लागलं. पुण्याहून समुद्री मीठ आणायचं, पिंपातल्या शुद्ध पाण्यात ते दिवसभर ढवळायचं, खारेपणा मोजायचा आणि मगच माझ्यात ओतायचं. पाणी जिवांना मानवेल असं होईपर्यंत, पहिला दीड महिना माझ्यात नुसते दगड होते. "काय संपतराव, दगडं पाळली व्हय? वैरण काय घालता?" शेजारी विचारायचे. संपत हसून पुन्हा खारेपणा मोजायला लागायचा.

मग केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आले, आणि मुठीएवढं एक तपकिरी ढेकूळ. ते ढेकूळ म्हणजे जिवंत पोवळं. आधी ते गप्पच होतं. मग एका सकाळी निळ्या दिव्याखाली त्यातून एक हिरवं बोट बाहेर आलं. मग दहा आली, मग मोजता येईनात. सगळी एका लयीत डुलायला लागली. संपतची बायको प्रगती लाटणं हातात धरून तशीच उभी राहिली, आणि तव्यावरची पोळी करपली.

प्रगती फार काळजी करणारी. छोट्या लेकीच्या, धनश्रीच्या कपाळाला हात लावायची आणि लगेच माझा तापमापक बघायची. पाणी उडून जातं पण मीठ मागेच राहतं, म्हणून रोज तांब्याभर गोडंच पाणी घालायचं, खारं नाही, हे ती कधी विसरली नाही.

दिवाळीत राहू गावाहून संपतची आई आली, बानूबाई. माझ्यासमोर आली आणि मांडी घालून बसलीच.

"ह्ये काय रं?"

"पोवळं आहे, आई."

"माझ्या गळ्यात हाय त्ये?" तिने माळेतला लाल मणी चाचपला.

"तसंच. जिवंत असतं ते."

"आगं बया! म्हंजी चाळीस वर्सं मी जित्त्या जिवाचं हाड घालून हिंडतीय व्हय? मेंढरं घेऊन आमी कोकणापातूर गेलो, पर समिंदर असा आतनं कवा बघितला न्हाई."

दुपारभर ती तिथेच होती. संपत कामावर गेला. प्रगतीने माशांना खाऊ घालायला झाकण काढलं, तेवढ्यात धनश्री रडली म्हणून ती आत धावली. झाकण उघडंच राहिलं, आणि खरं सांगते, मला ते आवडलं.

बानूबाईच्या कमरेला भंडाऱ्याची पिशवी असायची. राहूत कुणाचं मूल किरकिरलं की लोक तिच्याकडेच आणायचे. दृष्ट लागू नये म्हणून ती चिमूटभर हळद कपाळाला लावायची. एवढं देखणं काही दिसलं तर ती दुसरं काय करणार? तिने हात जोडले, मूठ भरली, आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत भंडारा माझ्यावर उधळला.

पाणी पिवळं झालं. हिरवी बोटं एका झटक्यात आत गेली. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

"आत्या, काय केलंत हे! मारून टाकलंत सगळं!" प्रगती सासूवर ओरडली.

"न्हाई गं पोरी... भंडारा हाय त्यो. त्यो कुणाला मारत न्हाई."

पण तिने पिशवीची नाडी ओढून घट्ट बांधली. त्याच दिवशी ती राहूला परत गेली.

संपतने तयार ठेवलेल्या पिंपातलं पाणी रोज थोडं थोडं करून बदललं, पाणी गाळणाऱ्या कोळशाची पिशवी आत सोडली. मासे तगले. पोवळं मात्र मिटलेलंच. पाचव्या दिवशी एक बोट बाहेर आलं, आणि माझ्या काचेला कपाळ टेकून प्रगती रडली. "झाकण मीच उघडं टाकलं होतं," म्हणाली.

पोवळं जगलं हे सांगायला संपत राहूला गेला. "मन राखाया खोटं बोलतूस व्हय रं?" एवढंच आई म्हणाली. मग प्रगतीही गेली, माफी मागितली. बानूबाईने चहा केला, शेरडांच्या गोष्टी सांगितल्या. पण प्रगतीने धनश्रीला पुढे केलं, तेव्हा तिने हात मागे घेतला. "माझा हात नगं लागाया तिला." संपत सांगतो, तेव्हापासून तिने कुणालाच भंडारा लावलेला नाही. इकडे यायचंही नाव काढत नाही.

मित्रांनो, टाकी पाळलीत तर झाकण सांभाळा. ओरडण्याआधी समोरच्याचा हात कशासाठी उचलला गेला, तेही बघा. माझं पोवळं आता ताटाएवढं झालं आहे. पण मला पाय नाहीत. तुमच्यापैकी कुणी राहूकडे जाणार असेल, तर बानूबाईच्या दारात जरा डोकावून या. घरच्यांचं तिला खरं वाटत नाही, परक्याचं कदाचित वाटेल. पोवळं जगलंय म्हणून सांगा. आणि सोबत लहान मूल असेल, तर त्याला तिच्यापुढे उभं करा, आणि ती काय करते ते बघून या.