लोखंड्या परत येतो

नव्या मालिकेचा पहिला भाग अर्धा व्हायच्या आतच मी नाक मुरडलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

'ढगटपाल' ही आमच्या लहानपणीची जपानी कार्टून मालिका. ढगांवरून उडणारं टपालाचं जहाज, ते चालवणारी एक हट्टी मुलगी आणि तिच्या मदतीला लोखंड्या नावाचा अवाढव्य यंत्रमानव. तो पत्रांची पोती उचलायचा, कांदे सोलायचा आणि दारातून जाताना दर वेळी डोकं आपटून घ्यायचा. इतक्या वर्षांनी कोणाला तरी ती नव्याने काढायची बुद्धी झाली. दर शनिवारी सकाळी एक भाग. पहिल्या शनिवारी आम्ही सगळे कोचावर बसलो: मी, नवरा, आठ वर्षांची ठमी, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन माझे बाबा.

रंग मला फार धुतलेले वाटले. मुलीचे डोळे जुन्यापेक्षा मोठे आणि हट्ट जुन्यापेक्षा लहान. लोखंड्याला तर इस्त्री करून आणल्यासारखा गुळगुळीत केला होता. पण सगळ्यात जास्त खटकला तो त्याच्या पावलांचा आवाज. मी कान तपासायचं काम करते, त्यामुळे माझं लक्ष आधी आवाजाकडे जातं. जुना लोखंड्या चालायचा तेव्हा पावलाखाली एक बारीक घरघर असायची. हा नवा नुसता धप्प धप्प चालत होता.

"ती घरघर मालिकेतली नव्हती," नवरा म्हणाला. "तुमच्या केबलची असणार."

नवरा दुसऱ्या गावचा. त्याने ही मालिका त्याच्या गावी पाहिली होती आणि लग्नापासून आमचा यावरून एक कायमचा वाद होता. त्याच्या मते लोखंड्या शेवटी मरतो. माझ्या मते मरतो, पण परत येतो. मी तर मरण्याच्या पुढचे भाग पाहिलेले. याला सिनेमागृहातही झोप लागते, तेव्हा परत येण्याच्या वेळी हा घोरत असणार, असा निकाल मी केव्हाच देऊन टाकला होता.

पहिल्या भागात लोखंड्या शिडीवरून पडला तशी ठमीने माझा दंड धरला. "मेला?"

"आत्ता नाही. पुढे मरतो. पण परत येतो."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः पाहिलंय."

ठमी अशी गोष्ट ऐकली की ती गाठ मारून ठेवते. आमच्याकडे खोटं बोलायचं नाही हा नियम तिच्यापेक्षा मीच जास्त मिरवते, त्यामुळे तिने पुढे काही विचारलं नाही. बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यांना ऐकू कमी येतं. कानाचं चांगलं यंत्र मी स्वतः बसवून दिलंय, पण ते खणात पडून असतं. दिवसभर दुसऱ्यांच्या वडिलांना यंत्र लावायचे फायदे समजावून मी घरी येते आणि माझ्या वडिलांशी ओरडून बोलते.

बाबा आमच्या गावचे केबलवाले होते. घराच्या माळ्यावरच्या खोलीत दोन टेपची यंत्रं, वायरींचं जंजाळ आणि एक मोडकं स्टूल. तिथून सगळ्या गावाच्या गच्च्यांवरून वायरी गेलेल्या. शहरातून पार्सलने टेपा यायच्या, बाबा त्या लावायचे आणि सगळं गाव तेच बघायचं, कारण दुसरं काही नव्हतंच. शाळेत मला सगळे 'केबल' म्हणायचे. आमच्या गल्लीतल्या मुलांचा आता फोनवर ग्रुप आहे, तिथेही मी केबलच.

'ढगटपाल' चार टेपांची होती. तीन आल्या आणि चौथी पार्सलातून गहाळ झाली, असं बाबांनी तेव्हा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा लागली त्या टेपेत आम्ही पाहिलं ते शेवटचं. जहाज उडतंय, लोखंड्या कांदे सोलतोय. आम्ही सगळ्यांनी तोच शेवट मानून घेतला होता आणि तो चांगला शेवट होता.

त्याच सुमारास माझी आई गेली. 'ढगटपाल' चालू असतानाच. तिला दवाखान्यात ठेवलं होतं आणि एक दिवस ती घरी आली नाही. घर नातेवाइकांनी भरलं. मला आठवतं ते हे, की बाबा माळ्यावर होते. आत्या स्वयंपाकघरात कोणाला तरी म्हणाली, "बायको गेली आणि हा माणूस वर बसून पोरांचे खेळ लावतोय." मी ते ऐकलं आणि जपून ठेवलं. पुढे बाबांनी मला एकट्याने वाढवलं, शिकवलं, सगळं केलं. पण ते आईबद्दल कधी बोलले नाहीत, आणि मी आत्याचं वाक्य कधी टाकून दिलं नाही. बाबांचं आणि माझं बरं चालतं. बरं चालतं याच्या पलीकडे गेलं नाही.

नवी मालिका पुढे सरकली तशी माझी कुरकुर वाढली. चौथ्या, पाचव्या, सहाव्या भागात लोखंड्या परत आल्यानंतरच्या गोष्टी दाखवल्या. म्हणजे कांदे, वादळातलं दीपगृह, बर्फात अडकलेलं पत्र.

"क्रम बदललाय यांनी," मी म्हटलं. "हे सगळं नंतर होतं."

"असेल," नवरा म्हणाला. त्याच्या 'असेल' मध्ये फार काही असतं.

सातव्यात लोखंड्याचा डावा हात तुटला आणि मुलीने तिथे तांब्याचा पत्रा ठोकला. हे मला लख्ख आठवत होतं. परत आला तेव्हा त्याचा हात धड होता आणि आमच्या शाळेत त्यावर बरीच चर्चा होऊन असं ठरलं होतं की तो ढगांच्या तळाशी पडला, तळातून चालत बंदरावर आला आणि तिथे त्याला नवीन हात बसवून मिळाला. हा प्रसंग आपण पाहिलाय असं मी कोणालाही शपथेवर सांगितलं असतं.

नवव्या भागात तो मेला. जहाज वाचवायला वादळाच्या चक्रात उतरला आणि खाली ढगांत बुडाला. शेवटी तांब्याचा पत्रा तेवढा चमकला. नवऱ्याने घसा खाकरला. ठमी मात्र मजेत होती. "पुढच्या शनिवारी येईल," तिने बाबांना त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. दहाव्या भागात जहाजावर त्याचं रिकामं स्टूल होतं, मुलगी एकटीच कांदे सोलत होती, आणि भाग संपला.

ग्रुपवर आग लागली. आमच्यातला बोंब्या, जो आता औषधांच्या कंपनीत मोठा साहेब आहे, त्याने आम्हा सगळ्यांच्या वतीने मालिकेच्या पानावर सणसणीत तक्रार ठोकली, की तुम्ही मूळ कथेचा गळा घोटलात, मूळ मालिकेत लोखंड्या परत येतो. त्यावर जगभरातून लोक हसले. मूळ मालिकेत तो परत येत नाही, आणि तुम्ही लहानपणी दुधातून काय घेत होता, असं एकाने विचारलं. बोंब्या हट्टाला पेटला, त्याने जुनी मालिका शोधून काढली आणि सगळी पाहिली. मग त्याचा निरोप आला, तक्रारीच्या मानाने फारच मऊ आवाजातला: "केबल, तुझ्या बाबांनी आपल्याला दुसरी टेप तिसरीच्या नंतर दाखवली गं. बाबांना विचार, काय उद्योग केले होते." खाली हसणारे चेहरे. मग सगळ्यांचेच हसणारे चेहरे.

नवरा बरोबर निघाला होता. तो नुसती 'ढगटपाल'च्या गाण्याची शीळ घालत भांडी घासत राहिला.

मला हसू आलं नाही. माझ्याकडे कान तपासायला काचेची एक बंद खोली आहे. माणूस आत बसतो, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. पुष्कळ लोक मी आवाज दिलेला नसतानाही दाबतात. ते खोटं बोलत नसतात. वाट पाहत असतात. अशी बटणं मी बाजूला काढते, हिशेबात धरत नाही. आणि इथे मी स्वतः तीस वर्षं बटण दाबून बसले होते, आणि तेच बटण आता माझ्या मुलीच्या हातात दिलं होतं.

ठमी शेजारच्यांकडे खेळायला गेली तेव्हा मी बाबांच्या खुर्चीजवळ जाऊन ओरडले, "बाबा, ढगटपालच्या टेपा तुम्ही उलट्या लावल्या होत्या का?"

"थांब," बाबा म्हणाले. उठले, खणातून यंत्र काढलं, आरशात बघून नीट कानात बसवलं आणि परत येऊन बसले. "आता बोल. हळू बोल."

मी परत विचारलं.

"तिसरी आधी लागली ती चूक. दवाखान्यातून आलो होतो. हाताला लागली ती लावली. त्यात तो मेला. आणि दोन दिवसांनी ती गेली."

ते 'ती' म्हणाले तेव्हा मला कळायला एक क्षण लागला, इतकी सवय नव्हती.

"तू जेवेनास. बोलेनास. आत्याने भरवलं तर तोंड मिटून बसायचीस. मी वर गेलो तर दुसरी टेप तशीच राहिलेली. म्हटलं, चूक झालीच आहे, हीच लावू. लावली. खाली आलो तर तू उठून बसली होतीस. म्हणालीस, बाबा, लोखंड्या आला. आणि ताट मागितलंस."

"आणि चौथी?"

"आली होती चौथी. मी एकट्याने पाहिली वर बसून. त्यात सगळे त्याच्यासाठी रडतात." बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "ती लावायची माझी छाती झाली नाही. सांगितलं गहाळ झाली म्हणून. गाव काय, गावाने ऐकलं."

मला राग आला. इतक्या वर्षांनी, चाळिशीच्या बाईला, सातवीतल्या मुलीला येतो तसा राग. "बाबा, मी आईची वाट बघत बसले त्यामुळे. मला वाटलं काही आठवडे लागतात आणि मग माणूस परत येतो. मी दाराला कडी लावू द्यायची नाही कोणाला."

"माहीत आहे."

"माहीत होतं तर तुम्ही लावायची होती कडी."

"मी तरी कुठे लावत होतो," बाबा म्हणाले.

आत्याचं वाक्य माझ्याजवळ होतं ते मी शोधून पाहिलं. ते आता कुठल्याच बाजूने बसेना. माळ्यावर बसून पोरांचे खेळ लावणारा तो माणूस बायकोला पोहोचवून आला होता आणि एका मुलीला जेवायला लावायला सगळ्या गावाला खोटं दाखवत होता. मी त्याला तीस वर्षं कोरडा समजले. मला लाज वाटली आणि ती मी त्यांना सांगितली नाही, कारण आम्हाला ते जमत नाही. मी त्यांच्या कानातलं यंत्र उगाच थोडं सरळ केलं. ते सरळच होतं.

ठमी आली तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात ओट्यावर बसवलं आणि सांगितलं की लोखंड्या परत येत नाही.

"पण तू म्हणालीस तू स्वतः पाहिलंय."

"मला तसं दाखवलं होतं. मला खरंच वाटलं होतं." मग मी तिला सगळंच सांगितलं. टेपा, तिची आजी, माझं न जेवणं, सगळं. तिला झेपेल तेवढंच सांगायचं ठरवून सुरुवात केली होती, पण मधे थांबता आलं नाही. ती थोडी रडली, लोखंड्यासाठी की कोणासाठी ते मी विचारलं नाही. मग तिने बाहीने नाक पुसलं.

"म्हणजे गावात सगळ्यांना वाटत होतं की तो आलाय."

"हो."

"आणि आजोबांना एकट्यालाच माहीत होतं की नाही आला."

"हो."

ठमीने बराच विचार केला. "मग आजोबांना कोणी टेप बदलून दिली?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

ती ओट्यावरून उतरली आणि बाहेर गेली. मी हात धुऊन मागोमाग गेले तोवर तिने टीव्ही लावला होता आणि बाबांच्या खुर्चीच्या हातावर चढून बसली होती. रिमोटने ती भागांच्या चित्रांवरून मागे मागे जात होती. दहावा, नववा, आठवा, सातवा. चौथ्यावर थांबली आणि बटण दाबलं.

धप्प धप्प करत लोखंड्या आला, दारावर डोकं आपटलं आणि कांद्यांची टोपली पुढ्यात ओढून बसला. बाबांनी यंत्र काढलं नव्हतं. ते थोडे पुढे वाकले आणि चष्म्यावरून नीट बघत राहिले. मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसले.

"हात धड आहे अजून," बाबा म्हणाले.