खांबाला लावलेला स्टेथोस्कोप

मी एक स्टेथोस्कोप बोलतोय. गडद निळी नळी, पोलादी चकती आणि चकतीच्या कडेला बारीक अक्षरांत कोरलेलं नाव : डॉ. संपदा. आडनावाला जागा पुरली नाही, असं दुकानदार म्हणाला होता.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डब्याचं झाकण पहिल्यांदा उघडलं, तेव्हा मी पुण्यात टिळक रोडवरच्या डॉक्टरी सामानाच्या दुकानात होतो. संपदाच्या मालिनीमावशी तीस वर्षं इस्पितळात सिस्टर होत्या. त्यांनी एकामागून एक पाच स्टेथोस्कोप कानाला लावून स्वतःच्याच छातीवर ठेवून पाहिले. माझ्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "ह्याचा आवाज स्वच्छ आहे. हाच द्या." संपदा डॉक्टर झाली त्या आठवड्यातली ही गोष्ट.

पुढे संपदाचं श्रीनाथशी लग्न झालं आणि मी तिच्या हातसामानातून ड्रेस्डेनला आलो. श्रीनाथ तिथल्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. नखशिखांत पांढरा सूट घालून काम करायचा. संपदाची पहिली तीन वर्षं जर्मन शिकण्यात आणि परीक्षा देण्यात गेली. मी कपाटात होतो. मग तिला एका इस्पितळाच्या बालरोग विभागात नोकरी लागली आणि मी पुन्हा तिच्या गळ्यात आलो.

मला लावायच्या आधी ती माझी चकती तळहातात धरून ऊबदार करायची. मुलाला गार लागू नये म्हणून. मग म्हणायची, "आल्झो, टीफ आइनआटमेन." म्हणजे खोल श्वास घे. सुरुवातीला एका पाच वर्षांच्या मुलीने तिचा उच्चार तीनदा सुधारून घेतला आणि मगच श्वास घेतला. संपदा घरी येऊन श्रीनाथला ते सांगताना हसता हसता खाली बसली होती.

त्या दोघांना एकत्र सुट्टी अशी मिळायचीच नाही. ह्याची शिफ्ट संपली की तिची सुरू. म्हणून ड्रेस्डेनमधल्या एका छोट्या फेराइनने, म्हणजे स्वयंसेवी संस्थेने, जॉर्डनला तीन आठवड्यांसाठी माणसं हवीत असं कळवलं, तेव्हा श्रीनाथच म्हणाला, "आपण दोघं जाऊ. तू पेशंट बघ, मी त्यांचे जनरेटर आणि फ्रीज बघतो. आणि एक शुक्रवार सुट्टीचा आहे, त्या दिवशी सगळे पेट्राचं दगडात कोरलेलं जुनं शहर बघायला जाणार आहेत. लग्न झाल्यापासून आपण कुठे गेलोय सांग?"

जॉर्डनच्या उत्तरेला, सीरियातून आलेल्या लोकांच्या वस्तीजवळ, पत्र्याच्या तीन खोल्यांचा दवाखाना होता. ह्या पथकाचे प्रमुख डॉक्टर वेर्नर, सत्तरीचे, शांत गृहस्थ. अरबीचं जर्मन करून सांगायला नूर नावाची तिथलीच मुलगी. रोज ऐंशी-नव्वद मुलं. माझ्या कानांत धूळ जायची, ती संपदा रोज संध्याकाळी कापसाने पुसायची.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी, दवाखाना बंद व्हायच्या वेळी, हना नावाची बाई तिच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव रीम. चार दिवस ताप, खाणं बंद, धाप. संपदाने मला तळहातात धरलं आणि मग रीमच्या छातीवर ठेवलं.

ते मी विसरलेलो नाही. निरोगी काळजाचे दोन ठोके असतात, लब-डब. रीमच्या काळजात दोनच्या मागे एक तिसरा होता, बारीक, घोडा दौडताना टाप पडते तसा. संपदाच्या भुवया जवळ आल्या. तिने मला काढून पुन्हा लावलं. बाहेर जनरेटर धडधडत होता. दारात श्रीनाथ उभा होता, उद्याच्या बसची यादी घेऊन.

"काय गं, झालं का?"

"एक मिनिट."

तिने पुन्हा ऐकलं. ताप खूप होता, ठोके फार वेगात होते, आणि सकाळपासून तिने नव्वदाच्या वर मुलं तपासली होती. तापामुळेच असेल, असं तिने ठरवलं. ताप उतरायचं औषध दिलं. तरी तिचं समाधान झालं नव्हतं. ती नूरला म्हणाली, "त्यांना सांग, सकाळी परत आणा. मला पुन्हा ऐकायचंय."

नूर म्हणाली, "उद्या शुक्रवार आहे, डॉक्टर. दवाखाना बंद. तुमची बस सहाला सुटते."

"मग सहाच्या आधी आणा म्हणावं. मी थांबते."

हनाने मान डोलावली आणि छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली. नूरने ते सांगितलं नाही. आभारच असतील.

शुक्रवारी संपदा पावणेसहालाच फाटकाशी उभी राहिली. मी तिच्या गळ्यात, जॅकेटच्या आत. सहा वाजले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. चार तास जायला, चार तास यायला, उशीर झाला तर काहीच बघून होणार नव्हतं. पाच मिनिटं सगळे थांबले. "ताप उतरला असेल," श्रीनाथ म्हणाला. "चल." ती चढली. खिडकीशी बसली. श्रीनाथ शेजारी.

बस रस्त्याला लागली तेव्हा वस्तीकडच्या वळणावर एक बाई दिसली. भरभर चालत होती. खांद्यावर मूल होतं, त्याचे पाय लोंबत होते. अंतर बरंच होतं आणि धूळ उडाली होती. पण माझी चकती संपदाच्या छातीवर टेकलेली होती. तिचं काळीज एकदम उसळलं, ते मला कळलं. तिने तोंड उघडलं. मग शेजारी श्रीनाथकडे पाहिलं. तो समोर बघत होता, मांडीवर पेट्राचा नकाशा घेऊन. तिने तोंड मिटलं. बस वळली आणि ती बाई मागे राहिली.

पेट्रा बघताना ती हसली, हेही सांगायला हवं. उंच कड्यांमधली ती चिंचोळी वाट, वर आभाळाची नुसती एक चीर, आणि वाट संपता संपता एकदम समोर उभी राहिलेली, डोंगरातच कोरून काढलेली गुलाबी इमारत. संपदा "आई गं" म्हणाली आणि उभीच राहिली. दोन हजार वर्षांपूर्वी लोक इथे व्यापार करत होते, पाणी साठवत होते, मेलेल्यांसाठी असली दारं कोरत होते. श्रीनाथने तिचा हात धरला होता. इतक्या निवांतपणे त्याने तो कितीतरी दिवसांनी धरला होता.

एका खांबापाशी तो म्हणाला, "संपदा, तपास ना जरा. दोन हजार वर्षांचा पेशंट आहे."

तिने मला जॅकेटमधून काढलं, कानाला लावलं आणि चकती खांबावर ठेवली. श्रीनाथने फोटो काढला. तिने डोळे मिटलेत, केस वाऱ्यावर उडतायत, ओठांवर हसू आहे. फोटो फार सुंदर आला. खांबात मला काही ऐकू आलं नाही. दगड गार होता, एवढंच.

संध्याकाळी आम्ही परतलो, तेव्हा फाटकाशी चौकीदार उभा होता आणि नूर. तिची सुट्टी असूनही नूर आली होती.

हना सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी पोचली होती. चौकीदाराने तिला गावातल्या सरकारी इस्पितळात जायला सांगितलं. पण तिला वाटलं, डॉक्टर थांबते म्हणाली होती, म्हणजे येईल. दुपारपर्यंत ती भिंतीच्या सावलीत बसून राहिली. चौकीदाराने पाणी दिलं. रीम निळी पडायला लागली तेव्हा त्याने कुणाची तरी गाडी थांबवली. वाटेतच सगळं संपलं.

संपदा तिथेच पायरीवर बसली. डॉक्टर वेर्नर तिच्याशेजारी बसले. त्यांनी सगळी लक्षणं विचारून घेतली आणि म्हणाले, "हृदयाच्या स्नायूला सूज आली असणार. ड्रेस्डेनमध्येसुद्धा अशी मुलं आपल्या हातून जातात. कुणाचीच चूक नाही."

संपदाने मान डोलावली. वळणावरच्या बाईबद्दल ती काही बोलली नाही.

ड्रेस्डेनला परतल्यावर दोन महिन्यांनी फेराइनचं नवं माहितीपत्रक आलं. मुखपृष्ठावर तोच फोटो. संपदा, मी आणि खांब. कुणीतरी खाली छापलं होतं, 'आम्ही ऐकतो'. इस्पितळातल्या फलकावर ते लागलं. श्रीनाथच्या आईंनी, कुसुमताईंनी, पुण्यात सगळ्या नातेवाइकांना तो फोटो पाठवला आणि फोन केला.

"अगं, किती गोड आलीयेस! माझी बहीण लता तर म्हणाली, सिनेमातली डॉक्टर वाटते. मी मोठा करून भिंतीवर लावणारे."

"अहो आई, नका लावू."

"का गं? लाजतेस काय!"

त्यानंतर संपदाला ऐकू येईनासं झालं. म्हणजे कान ठीक होते. पण एकेका मुलाच्या छातीवर ती मला तीनदा, चारदा ठेवायची, दाबून धरायची, तरी तिची खात्री पटायची नाही. बाहेर रांग वाढायची. आया घड्याळ बघायच्या. शेवटी तिने प्रयोगशाळेत बदली मागून घेतली, जिथे मुलं नसतात, नळ्या असतात. तरी मला रोज पिशवीत टाकून न्यायची.

वर्ष झालं. फेराइनच्या वार्षिक सभेत चार शब्द बोला, असं तिला पत्र आलं. सभेच्या आधीच्या रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसली होती. श्रीनाथ कोशिंबिरीला काकडी चोचवत होता. मी खुर्चीला अडकवलेल्या पिशवीत होतो.

"श्रीनाथ, एक सांगायचंय. त्या दिवशी बस निघाली ना, तेव्हा वळणावर मला हना दिसली होती."

सुरी थांबली.

"मी गाडी थांबवा म्हणायला हवं होतं. तू किती दिवस त्या एका दिवसाची वाट बघत होतास. मला वाटलं, तुझा विरस होईल. म्हणून मी..."

"मला माहितीये," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"काय माहितीये?"

"मलाही दिसली होती. पोर खांद्यावर होतं."

संपदाने कागद बाजूला सारला. "मग तू का नाही बोललास?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. तू डॉक्टर. तू बोलली नाहीस, म्हटलं दुसरी कुणी असेल." त्याने सुरी खाली ठेवली. "खरं सांगू? तू बोलली नाहीस म्हणून मला बरं वाटलं."

श्रीनाथच्या छातीवर मी कधी टेकलोच नव्हतो. वर्षभर त्या घरात दोन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती, आणि मला फक्त एकीचीच ठाऊक होती.

सभेत संपदाच्या मागे पडद्यावर तोच फोटो होता. तिने आधी तो काढायला लावला. मग तिच्या जपून बोलायच्या जर्मनमध्ये, कुठेही न अडखळता, तिने सगळं सांगितलं. तिसरा ठोका, फाटक, पाच मिनिटं, वळण. श्रीनाथचं नाव तिने घेतलं नाही. तो शेवटच्या रांगेतून उभा राहिला आणि स्वतःच म्हणाला, "मीही पाहिलं होतं."

टाळ्या वाजल्या नाहीत. नंतर डॉक्टर वेर्नर तिच्याजवळ आले. "हे तुम्ही मला तिथेच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात, कुणाचीच चूक नाही. मला तेच ऐकायचं होतं."

"कदाचित मलाही तेच म्हणायचं होतं," ते म्हणाले.

माहितीपत्रक बदललं. सुट्टीच्या शुक्रवारी एक डॉक्टर दवाखान्यात थांबेल, असा नियम झाला. संपदाने हनाला तीन पानी पत्र लिहिलं. माफ कर, असं त्यात एकदाही लिहिलं नाही. काय घडलं तेवढंच लिहिलं. नूरने त्याचं अरबी केलं. पण हनाचं कुटुंब थंडी संपता संपता सरहद्द ओलांडून परत गेलं होतं. फोन लागत नव्हता. पत्र अजून नूरच्या टेबलाच्या खणात आहे.

श्रीनाथने ड्रेस्डेनपासून लांब, वाल्डॉर्फला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी घेतली. भांडण असं झालं नाही. दर दोन आठवड्यांनी तो रेल्वेने येतो, भाजी आणतो, तिच्या सायकलची चेन घट्ट करून देतो. रोज फोनवर विचारतो, "जेवलीस?" ती म्हणते, "हो. तू?" पण समोरासमोर बसले की दोघंही खिडकीबाहेर बघतात. एकमेकांकडे पाहिलं की मध्ये ती चालत येणारी बाई दिसत असावी.

संपदा मात्र मुलांकडे परत आली. आता ती मला एकदाच लावते. शंका वाटली तर "थांबा" म्हणते, आणि शंका फिटेपर्यंत कुणाला हलू देत नाही. तिच्या वॉर्डातल्या सिस्टरांना त्याचा त्रास होतो. होऊ दे.

आता माझंही वय झालं. इतक्या वर्षांच्या घामाने नळी कडक झालीये, वाकवली की चिरते. काल संपदाला एका बाळाचा आवाज फुटका ऐकू आला, तेव्हा तिने चिरेवर बोट फिरवलं आणि नवीन स्टेथोस्कोप मागवला. सोमवारी येईल. तिने अगदी बरोबर केलं. फुटका आवाज चालवून घ्यायचा नसतो.

मी पेटीत जाईन. माझी तक्रार नाही. नव्या गड्याला एवढंच सांगेन, की आपल्याला सगळं ऐकू येतं, पण आपल्याला तोंड नाही. त्या सकाळी एका काळजाची उसळी मला ऐकू आली होती आणि मला बस थांबवता आली नाही.

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला तोंड आहे. निघालेल्या गाडीत बसला असाल आणि मागे कुणी धावत येताना दिसलं, तर शेजारच्याकडे बघू नका. तो तुमच्याकडेच बघत असेल.