तायडे सर कॅमेरा घेतात

अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या प्रीतम तायडे यांनी दोन वर्षं कॅमेरा घेतला नाही. त्या दोन वर्षांत निदान चाळीस लोकांनी मात्र त्यांना विचारून कॅमेरा घेतला.

सुरुवात साधी होती. सरांना पन्नास पूर्ण झाली त्या दिवशी त्यांची बायको दीपमाला म्हणाली, "आजवर स्वतःसाठी काय घेतलं तुमी? एक कॅमेरा घेऊन टाका. कालेजात असतानी मोठी हौस होती म्हणे." दीपमाला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. एकदा बोललेलं पुन्हा सांगायला लागू नये अशी तिची अपेक्षा असे.

सर "घेऊ" म्हणाले आणि वाचायला बसले. ग्रंथपाल माणूस, वाचायला बसला की उठत नाही.

महिनाभरात त्यांच्यापुढे दोनच नावं उरली. एक अगदी लहान, शर्टाच्या खिशात मावणारा, पण आत चांगल्यापैकी मोठा सेन्सर असलेला. दुसरा मिररलेस, कंपनीचा सगळ्यात साधा, पण लेन्स बदलता येणारा, गळ्यात अडकवायचा. लहान कायम जवळ राहिला असता, पण त्यात जे होतं तेवढंच होतं. मोठ्याला पुढे हवी ती लेन्स लावता आली असती, पण तो बहुतेक कपाटातच राहिला असता. सरांनी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली आणि दोन्ही बाजू लिहून काढल्या. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा मुद्दे झाले. त्यांनी बारावा शोधायला घेतला.

तोवर भाचीचं लग्न झालं. चौदा एप्रिलची मिरवणूक झाली, पुढच्या वर्षी ती पुन्हा झाली. मधे कॉलेजातली मंडळी सेमाडोहला गेली. वाघ कोणाला दिसला नाही, पण पहाटेच्या अंधूक उजेडात एक रानगवा रस्ता ओलांडताना थांबला आणि चांगला मिनिटभर यांच्याकडे पाहत राहिला. सरांनी तो फोनवर काढला. घरी येऊन दाखवला तेव्हा दीपमालानं विचारलं, "हे शेण हाये का?"

"गवा हाये. लहानवाला असता तर झूम झाला असता. मोठा असता तर अंधारातलंही दिसलं असतं."

"कोणताही असता तरी आला असता," दीपमाला म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

याच काळात सरांचं नाव झालं. आधी कॉलेजातल्या एका प्राध्यापकानं विचारलं, मग त्यांच्या दाताच्या डॉक्टरनं, मग नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातल्या एका अधिकाऱ्यानं. सर समोरच्याला एकच प्रश्न विचारायचे, "फोटो कायचे काढायचे?" उत्तर ऐकलं की पाच मिनिटांत निकाल. डॉक्टरला मोठा, अधिकाऱ्याला मोठा आणि जवळचं दाखवणारी लेन्स, पायी हिंडणाऱ्या प्राध्यापकाला लहान. अंजनगाव सुर्जीच्या एका संत्रा व्यापाऱ्याला तर त्यांनी कॅमेराच घेऊ दिला नाही. खिडकीपाशी पांढरा कागद लावा आणि फोनवर काढा, म्हणाले. त्याचे फोटो इतके चांगले आले की त्यानं दोन पेट्या संत्री पाठवली. एकालाही दिलेला सल्ला चुकला नाही.

सर ज्या दुकानात लोकांना पाठवायचे ते इमादचं होतं. इमाद चाळिशीचा, बोलका. दर रविवारी सर त्याच्याकडे जाऊन दोन्ही कॅमेरे हातात घेत, उलटसुलट करून पाहत आणि परत ठेवत. एका रविवारी ते म्हणाले, "इमादभाई, आज घेऊनच टाकतो."

इमादनं दोन्ही डबे काउंटरखाली सरकवले. "सर, तुमी घेऊ नका."

"काहून?"

"आता तुमी कोणाचेच नाही, म्हणून लोकं मानतात. एक घेतला की तुमी त्या कॅमेऱ्याचे झाले. मंग तुमचं कोण ऐकन?"

हे इमाद धंद्यापोटी बोलत होता हे सरांना कळत होतं. तरी ते ऐकून त्यांना बरंच वाटलं. घरी येताना त्यांची चाल जरा संथ, न्यायाधीशासारखी झाली होती.

मग अकोल्याच्या फोटोग्राफरांच्या एका मंडळानं त्यांना भाषणाला बोलावलं. विषय त्यांचाच, 'लहान की मोठा?' समोर ऐंशी माणसं, त्यातली निम्मी लग्नाचे फोटो काढून पोट भरणारी. सर तासभर बोलले. कोणी हललं नाही. शेवटी टाळ्या झाल्या, शाल झाली, आणि दुसऱ्या रांगेतून एक सडपातळ म्हातारी बाई उठली. पांढरी ओढणी, हातात पर्स. आवाज मात्र असा की मागच्या रांगेतले दोघे आपोआप नीट बसले.

"माझं नाव कुलसुमबी. इथल्या उर्दू शाळेत एकतीस साल होते. आता रिटायर. मले कॅमेरा घ्यायचा हाये."

"फोटो कायचे काढायचे, मॅडम?"

"माझे शागिर्द. विद्यार्थी. कोणी रिक्षा चालवते, कोणी कोर्टात हाये, कोणी भाजी विकते. जिथं सापडन तिथं, जसा हाये तसा काढायचा. मोठा कॅमेरा पाह्यला की ते सावधान होतात. सावधान मी त्याइले शाळेत लय केलं."

सभागृह हसलं. सर म्हणाले, "लहान घ्या. डोळे मिटून घ्या."

"शुक्रिया. आन तुमी कायचे काढता?"

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. या प्रश्नाचं उत्तर वहीत कुठल्याच बाजूला नव्हतं. बावीस मुद्द्यांत सेन्सर होता, बॅटरी होती, वजन होतं. फोटोत कोण असेल हे नव्हतं.

"सध्या..." ते म्हणाले, "सध्या ठरवून राहिलो."

लोकांना तो विनोद वाटला. पुन्हा टाळ्या पडल्या.

परतीच्या बसमध्ये सरांनी शाल घडी करून पिशवीत घातली. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात पुष्कळ उत्तरं तयार केली. पक्षी. माणसं. जुनी देवळं. एकही त्यांचं स्वतःचं वाटलं नाही. चाळीस लोकांना काय हवं ते आपल्याला पाच मिनिटांत कळलं, आणि आपल्याला काय हवं ते दोन वर्षांत आपण विचारलंसुद्धा नाही, याची त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते कॉलेज सुटल्यावर थेट इमादकडे गेले. "लहान दे."

"लहान कुठला, सर? कॉलेजच्या पोरींनी रील पाहून पाहून सगळे उचलले. आता नवीन येईन तो मिररलेसहून महाग."

"मंग मोठा दे."

"सर, एकवार सोचा..."

"दोन वर्षं सोचलं."

चार मिनिटांत बिल झालं. इमादनं डबा पिशवीत घालताना असा चेहरा केला, जणू घरातलंच कोणी परगावी निघालंय.

घरी दीपमालानं पेढे आणले. नवी साडी नेसून खिडकीत बसली. सरांनी पहिला फोटो काढला, मोठा करून पाहिला, आणि म्हणाले, "थांब, लेन्स कोपऱ्यात कशी हाये ते आधी पाहू दे." मग त्यांनी भिंतीचा फोटो काढला. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि त्याचे काढले. सकाळच्या उजेडात काढले, ट्यूबलाईटमध्ये काढले. दोन महिन्यांत सातशे फोटो झाले. त्यात दीपमालाचा तो एक सोडला तर बाकी सगळी भिंत आणि बातम्या होत्या.

"मी त्या भिंतीले लागून उभी राहू का?" दीपमालानं एकदा विचारलं. "म्हणजे चुकून तरी येईन."

आणि इमाद म्हणाला होता तसंच घडू लागलं. सर आता कोणाला प्रश्न विचारत नव्हते. आपल्या कॅमेऱ्याबद्दल सांगत होते. पर्समध्ये मावणारा हवा असं म्हणणाऱ्या एका बाईला ते म्हणाले, "पर्स मोठी घ्या." रोज गावोगाव सायकलनं हिंडणाऱ्या माणसालाही त्यांनी मिररलेसच सुचवला. लोक मान हलवत आणि दुसऱ्या कोणाला तरी विचारायला जात. फोन कमी झाले.

एका संध्याकाळी कुलसुमबींचा फोन आला. "तायडे सर, लहान कॅमेरा आला म्हणे. पर लय महाग झाला. घेऊ का?"

"मॅडम, मिररलेसच घ्या. माझ्याकडं तोच हाये. लाजवाब हाये."

"तुमीच त लहान सांगितला होता."

"तवा माझ्याकडं कॅमेरा नव्हता."

मग बाई म्हणाल्या, "मंग मी तवाचंच ऐकते," आणि फोन ठेवला.

हे वाक्य सरांना आठवडाभर टोचलं. दीपमालाला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. शेवटी सरांनी स्वतःच फोन लावला. माझं चुकलं म्हणाले, आणि घेतला का म्हणून विचारलं.

"घेतला ना. शुक्रवारी जाते मी फोटो काढाले. तुमी या. तुमचं ते लाजवाबही आणा."

सर अकोल्याला गेले. कुलसुमबी पुढे आणि मोठा कॅमेरा गळ्यात आणि बॅग खांद्यावर घेतलेले सर मागे, असे दोघं बाजारातून निघाले. टायर पंक्चरच्या एका दुकानापाशी बाई थांबल्या. आत पन्नाशीचा, काळ्या हातांचा माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याचं नाव गुलफाम, बाईंचा जुना विद्यार्थी. बाईंनी पर्समधून कॅमेरा काढला, टिक केलं आणि परत ठेवला. गुलफामला पत्ताच नव्हता. सरांनी तो फोटो पाहिला. वाकलेला माणूस, पाण्यातला उजेड, कपाळावर काळा ओघळ. तो मोठा करून कोपरे पाहावेत असं सरांना पहिल्यांदाच वाटलं नाही.

"आपा!" गुलफामनं वर पाहिलं, हात पुसत उठला. मग त्याची नजर सरांच्या गळ्याकडे गेली. "हे फोटोवाले साहेब हायेत का?"

"तुझा फोटो मी काढला," बाई म्हणाल्या, आणि त्याला पडद्यावर दाखवला.

गुलफामचा चेहरा पडला. "आपा, हा नका ठेवू. असा कोण पाह्यते मले? घरी भिंतीवर लावाले माझा एकही फोटो नाही. लग्नातला होता, तो पुरात गेला." मग तो सरांकडे वळला. "साहेब, तुमच्या मोठ्यात काढा ना एक. नीटवाला."

"अरे, असाच छान दिसते तू," बाई चिडून म्हणाल्या.

"आपा, तुमाले छान दिसत असन. माझ्या पोरीले दाखवाचा हाये."

सरांनी गळ्यातला कॅमेरा हातात घेतला. दोन वर्षं आणि दोन महिन्यांत त्यांच्याकडे कोणी असं काही मागितलं नव्हतं. "फोटो कसा पाह्यजे?" त्यांनी विचारलं.

"उभा. पूर्ण. दुकानाचं नाव यावं मागं."

तो आत गेला. हात धुतले, केस ओले करून भांग पाडला, खुंटीवरचा धुतलेला शर्ट घातला आणि वरपर्यंत गुंड्या लावल्या. बाहेर येऊन पाटीखाली उभा राहिला, हात मांडीला लावून, छाती पुढे, मान ताठ. शेजारच्या दुकानातले दोघं बाजूला सरकले. सर दोन पावलं मागे गेले, मग आणखी एक.

कुलसुमबींनी कपाळावर हात मारला. "श्वास तरी घे रे," त्या ओरडल्या.

"फोटो झाल्यावर घेतो, आपा," गुलफाम ओठ न हलवता म्हणाला.